दोनशे चौदा नंबरचा पट्टा

आमच्या घराण्यात पराक्रमी पुरुष एकच झाला, आणि त्याच्या भांडवलावर पुढच्या तीन पिढ्यांनी स्वतः काहीही न करता मान ताठ ठेवली. हे पुरुष म्हणजे माझे आजोबा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते एका ग्रामीण पोलीस ठाण्यात साधे शिपाई होते, आणि त्यांनी एका नामचीन दरोडेखोराला एकट्याने, हातात केवळ काठी असताना पकडले, असा आमच्या घरातला सर्वमान्य सिद्धांत आहे. माझ्या लहानपणी दरोडेखोर एकटाच होता. बहिणीच्या लग्नापर्यंत त्याला साथीदार मिळाले. पुतण्याच्या लग्नात ते सर्व घोड्यावर बसले. काठी मात्र एकच राहिली; हत्यारांच्या बाबतीत आमचे घराणे काटकसरी आहे.

पुरावा म्हणून चुलतभावाच्या दिवाणखान्यात दोन चौकटी टांगलेल्या आहेत. एकीत आजोबा बसलेले, छाती पुढे, टोपी सरळ, आणि कमरेच्या पट्ट्याच्या पितळी चकतीवर दोनशे चौदा हा आकडा स्पष्ट. दुसरीत वर्तमानपत्राचे कात्रण. त्यात दरोडेखोराचे नाव, त्याच्या बापाचे नाव, त्याची तीन टोपणनावे आणि चोरलेल्या बैलाचा रंग इतका तपशील आहे. पकडणाऱ्याचा उल्लेख मात्र ‘शिपाई क्रमांक दोनशे चौदा’ एवढाच. शिपायालाही नाव असते ही कल्पना त्या काळच्या वार्ताहरांना सुचलेली दिसत नाही. तारखेची कड कापणाऱ्याच्या कात्रीने उडवली आहे.

या चुलतभावाला आम्ही दादा म्हणतो. निवृत्तीनंतर त्याला समाजकार्याची लागण झाली आणि ती अंगात मुरली. आमच्या वसाहतीजवळ नवा चौक झाला, तेव्हा त्याला आजोबांचे नाव द्यावे असा अर्ज त्याने नगरसमितीकडे केला. समितीने दोन गोष्टी मागितल्या: पराक्रमाचा सरकारी दाखला, आणि सर्वांत जवळच्या हयात वारसाची संमतीची सही. दाखल्याचे काम दादाने माझ्याकडे सोपवले. मी तंत्रविद्यालयात यंत्ररेखन शिकलो आणि हयातभर यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढले. सुट्या भागांवरून संपूर्ण आजोबा जुळवणे मला अवघड जाऊ नये, असे दादाचे मत पडले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याची त्याची ख्याती जुनी आहे. पीठ दळण्यासाठी तो नेहमी योग्य माणूस निवडतो.

सहीचा प्रश्न दादाच्या लेखी प्रश्नच नव्हता. वारस घरातच होती. त्याच्या घराच्या मागच्या खोलीत आमची आत्या राहते. आजोबांच्या अपत्यांपैकी ती एकटीच उरली आहे. नव्वदी ओलांडली तरी तिचे कान शाबूत आहेत, आणि जिभेला तर वयाचा वाराही लागलेला नाही. मी कामाला लागलो हे कळताच तिने मला बोलावून घेतले आणि दार लोटायला सांगितले.

“दरोडेखोराचं तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “माझं वेगळं काम आहे. बाबांचा पट्टा का गेला, ते शोध.”

मग तिने जे सांगितले ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ती शाळेत जाऊ लागली होती त्या सुमारास तिचे वडील एके दिवशी भर दुपारी घरी आले. कमरेला पट्टा नव्हता. विजार सुतळीने बांधलेली होती. ते कोणाशी बोलले नाहीत. हातपाय धुतले आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी शेजारची एक मुलगी सर्वांसमक्ष म्हणाली की, हिच्या बापाचा पट्टा काढून घेतला आणि त्याला हाकलून दिला. त्या मुलीशी आत्या जन्मात पुन्हा बोलली नाही. वडिलांनाही तिने कधी विचारले नाही. पुढे ते सरकी-कापसाच्या कारखान्यात वजनकाट्यावर कामाला लागले आणि तिथेच म्हातारे झाले.

“का नाही विचारलंस?” मी म्हणालो.

“उत्तर ऐकायचं नव्हतं.”

“आणि आता ऐकायचंय?”

“आता मी किती ऐकणार आहे? बाबांना हाकललं होतं की नाही, एवढं कळून जाऊ दे मला. पण तू गोड करून सांगू नकोस. गोड बोलायला दादा आहे.”

पोलिसांचे जुने दफ्तर जिल्ह्याच्या कचेरीमागच्या एका लांबट खोलीत होते. खोलीला खिडक्या होत्या, परंतु त्यांना कपाटे टेकवून त्यांच्या उपद्रवाचा बंदोबस्त केलेला होता. तिथल्या दफ्तरदाराने माझ्या अर्जात प्रथम तीन उणिवा काढल्या. त्या दुरुस्त करून आणल्यावर चौथी काढली. ती तिसरी दुरुस्त केल्यामुळे उत्पन्न झाली होती. शेवटी मी त्याला अर्जाचा आराखडाच काढून दाखवला, कोणत्या रकान्यातून कोणत्या रकान्यात बाण जातो हे समजावले, आणि केवळ माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून त्याने गठ्ठा काढून दिला.

शिपायांचे सेवापट नंबरवार बांधलेले होते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत नंबर, आणि त्याखाली नाव. पैकी नावाची कड बहुतेक पानांवर कसरीने खाऊन फस्त केली होती. मला त्याचे दुःख झाले नाही. नावांवर माझा विश्वास कधीच नव्हता. एकाच गावात एकाच नावाचे चार इसम सापडतात, आणि कारकून एकाच इसमाचे नाव चार तऱ्हांनी लिहितात. आकड्याचे तसे नसते. आकडा खोटे बोलत नाही, हे आम्हाला तंत्रविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवले होते. छायाचित्रात दोनशे चौदा, कात्रणात दोनशे चौदा, सेवापटावर दोनशे चौदा. याहून भक्कम दुवा कोणाला हवा असेल तर त्याने कादंबऱ्या वाचाव्यात.

मी दोनशे चौदाची सर्व पाने उतरवून घेतली आणि घरी मोठ्या कागदावर त्यांच्या कारकिर्दीचा तक्ता मांडला. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर कामगिरी. पहिला भाग सपाट निघाला: समन्स पोचवणे, बाजाराच्या दिवशी पहारा, मोकाट गुरे कोंडवाड्यात नेणे, गावोगाव फेरी. मधल्या भागात दरोडेखोर. साहेबाच्या सहीचे शाबासकीपत्र, कात्रणाशी तंतोतंत जुळणारे. बैलाचा रंगसुद्धा तोच. शेवटच्या भागात मात्र रेषा एकदम खाली गेली. कैद्याला न्यायालयात नेताना शिपाई दोनशे चौदा वाटेत झाडाखाली विश्रांतीस बसला व झोपी गेला. कैदी पसार झाला. जाताना शिपायाची काठी घेऊन गेला. सबब, शिपायास बडतर्फ करून पट्टा काढून घेण्यात आला.

या तक्त्यात काही किरकोळ विसंगती होत्या, त्या मी तळटीपांमध्ये रीतसर मिटवल्या. पहिल्या भागाच्या अखेरीस ‘पट्टा, शिट्टी व कंदील ठाण्यात जमा, स्वखुशीने’ अशी नोंद होती आणि पुढची पाने काही महिन्यांनी सुरू होत होती. मी तळटीप दिली: दीर्घ रजा. शरीरवर्णनाच्या रकान्यात उंची प्रथम पाच फूट चार इंच होती, नंतर पाच फूट सात, आणि शेवटी पाच फूट दहा. पोलिसांच्या आहारात असे काही असावे असे मला वाटले नाही, म्हणून मी तळटीप दिली: मोजकाठीत क्रमशः वाढत गेलेला दोष. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत आले याचा मला विशेष आनंद झाला. दोष इतका शिस्तशीर क्वचितच आढळतो. शेवटच्या पानावर ‘गालावर देवीचे व्रण’ असेही होते, जे आधी नव्हते. तळटीप: सेवाकाळात देवी येऊन गेल्या असाव्यात.

गोड करून सांगू नकोस असे आत्याने बजावले होते. मी आज्ञाधारक आहे. तिच्या खाटेशेजारी बसून मी तिला झाड, झोप, कैदी आणि काठी हे सर्व नोंदीतल्याच शब्दांत सांगितले.

तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतले. मग म्हणाली, “म्हणजे ती पोरगी खरं बोलत होती.”

आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दादाने संमतीचा कागद तिच्यापुढे धरला, तर तिने पेन हातात घ्यायला नकार दिला. झोपाळू माणसाच्या नावाचा चौक नको, लोक तिथे येऊन झोपतील, एवढेच म्हणाली. जेवणही अर्धे टाकू लागली. दादा माझ्यावर उखडला. शेवटचे पान उघडायला मला कोणी सांगितले होते, असा त्याचा सवाल होता. थोर पुरुषांची चरित्रे कुठे थांबवावीत याला काही शास्त्र असते आणि ते तंत्रविद्यालयात शिकवत नाहीत, असेही त्याने ऐकवले. अखेर त्याने फर्मावले की, बिघडवले तू, तर निस्तर तूच. तक्ता घेऊन जा आणि तिला पटवून दे की, शेवट वगळता कारकीर्द उज्ज्वल आहे.

मी तक्ता गुंडाळून पुन्हा मागच्या खोलीत गेलो. आत्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

“आणलंस आणखी काही?”

“तेच आहे. पण सगळं आहे. मधलं चांगलं आहे, आत्या.”

“मग वाच सगळं. सुरुवातीपासून. वगळू नकोस काही.”

मी वाचू लागलो. समन्स, बाजार, गुरे. शरीरवर्णनाशी आलो. पाच फूट चार इंच वाचून मी तळटीपही वाचून दाखवली, कारण तिने काही वगळू नको म्हटले होते.

तिची मान वळली. “पुढे किती म्हणालास?”

“पाच फूट सात. मग दहा. मोजकाठीचा दोष आहे तो.”

“कोणी सांगितलं तुला?”

“मीच काढला.”

“अरे शहाण्या,” आत्या उठून बसली, “बाबांना फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढावं लागे. आई त्यांच्यापेक्षा उंच होती. तिचा हात पोचायचा म्हणून ती मुद्दाम डबा वर ठेवायची. आणि व्रण कसले म्हणालास?”

“देवीचे. गालावर. मधे कधीतरी आल्या असतील.”

“बाबांच्या गालावर तीळ होता. एक. देवी येऊन गेल्या म्हणे. आम्ही घरात असताना बाबांना देवी आल्या आणि आम्हाला पत्ता नाही, होय?”

मी तक्ता पुन्हा पाहिला. या क्षणी माझ्या मनात जे आले ते सभ्य माणसाने छापू नये. यंत्राच्या आराखड्यात चौदा नंबरचा बोल्ट म्हणजे एखादा विशिष्ट बोल्ट नव्हे. चौदाव्या भोकात जो बसतो तो चौदा नंबरचा. झिजला की काढतात, दुसरा घालतात, आणि तोही चौदाच राहतो. हे मी हयातभर काढले, कनिष्ठांना शिकवले, न समजणाऱ्यांना खोलीबाहेर उभे केले. आणि तीन माणसे एकाच्या पोटात एक घालून मी स्वतःच्या आजोबांना तीन ठिकाणी मोजले होते. नंबर माणसाचा नव्हता, पट्ट्याचा होता. शिपाई गेला की पट्टा खुंटीवर लागत होता, आणि पुढचा शिपाई आला की त्याच्या कमरेला.

मी हे आत्याला शक्य तितक्या थोडक्यात सांगितले. पहिला दोनशे चौदा पाच फूट चार इंचांचा. त्याने कोणाला पकडले नाही आणि कोणाला सोडलेही नाही. दरोडेखोर दुसऱ्याने पकडला, आजोबा वजनकाट्यावर बसू लागल्यावर. झाडाखाली झोपला तो तिसरा.

“मग बाबांचा पट्टा?”

“जमा केला. ‘स्वखुशीने’ असं लिहिलंय. कारण लिहिलेलं नाही.”

“हाकललं नाही?”

“नाही. पट्टा घेऊन ते स्वतः ठाण्यात गेले आणि देऊन आले.”

तिने ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावले. मग डोळे पुसले, आणि डोळ्यांत कचरा गेल्याची तक्रार केली. दादाची मोलकरीण पंखा पुसत नाही असे तिचे म्हणणे होते. पंखा बंद होता.

राहता राहिले कात्रण. दुसऱ्याच्या पराक्रमाचे कात्रण आमच्या भिंतीवर आलेच कसे, असे मी विचारले. आत्या आठवून आठवून सांगू लागली.

“आईने कापलं ते,” ती म्हणाली. “मला आठवतंय, ती कात्री घेऊन ओट्याशी उभी होती. तिला ठाऊक असणारच की, बाबा तेव्हा काट्यावर होते. पण पट्टा गेल्यावर बायका तिला पाणवठ्यावर बोलायच्या. नवऱ्याला हाकललं म्हणून. मग हे छापून आलं, वर नंबर तोच. तिने तारीख उडवली आणि लावलं भिंतीवर. आल्या-गेल्याला दिसेल असं. त्यानंतर बोलणी थांबली.”

“आणि आजोबा?”

“बाबा कधी हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. कोणी विचारलं की पाणी प्यायला आत जायचे.”

म्हणजे आमच्या घराण्याचा इतिहास आजीने एका कात्रीने लिहिला होता, आणि आम्ही त्याच्यात घोडे घातले.

संध्याकाळी दादाला सर्व सांगितले, तेव्हा तो क्षणभरच खचला. त्याच्या मनाची उभारी ही खरोखर अभ्यासाची गोष्ट आहे. त्याने दोन येरझाऱ्या घातल्या आणि मार्ग काढला. शाबासकीपत्र दोनशे चौदाचे आहे, छायाचित्रातही दोनशे चौदा आहे, आणि समितीतले लोक काही उंची मोजायला बसणार नाहीत. उलट, आजीने एवढ्या हौसेने लावलेल्या कात्रणाचा मान राखणे हे नातवंडांचे कर्तव्यच ठरते. हे बोलताना त्याचा आवाज दाटून आला. स्वतःच्या युक्तिवादाने स्वतःच गहिवरण्याची कला त्याला साधलेली आहे. तो संमतीचा कागद घेऊन मागच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो.

आत्याने त्याचे सगळे ऐकून घेतले.

“आईने घराच्या भिंतीवर लावलं होतं,” ती म्हणाली. “तू चौकात लावायला निघालास. तिला बायकांची तोंडं बंद करायची होती. तुझ्या मागे कोण लागलंय?”

“आत्या, लोकांना काय कळतंय?”

“दरोडेखोर ज्याने पकडला, त्याचीही नातवंडं असतील कुठेतरी. त्यांच्याकडे कात्रण नसेल, एवढंच. आणि तो नंबर घ्यायचा तर झाडाखालचाही घ्यावा लागेल. मी आठ दिवस त्याला बाप म्हणून भोगला. मला आता फक्त माझा हवाय.”

“मग काय लिहू मी पाटीवर? मोकाट गुरे पकडली म्हणून?”

“लिही की. गुरं पकडली, समन्स पोचवले, पट्टा स्वखुशीने परत केला. अस्संच लिही, मी आत्ता सही करते. आण पेन.”

तिने हात पुढे केला. दादा त्या हाताकडे पाहत राहिला. देशात इतके चौक आहेत, परंतु स्वखुशीने काही परत करणाऱ्याच्या नावाचा एकही त्याच्या ऐकिवात नसावा. तो म्हणाला की, विचार करून सांगतो, आणि कागद घडी करून खिशात घातला. पेन त्याने काढलेच नाही.

पुढच्या महिन्यात चौकाला समितीच्या अध्यक्षांच्या सासऱ्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या पराक्रमाचा दाखला कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. दादाने समारंभाला जाऊन भाषण केले, आणि ते चांगले झाले असे तो स्वतःच सांगतो.

आत्याचे जेवण पूर्ववत झाले, किंबहुना वाढले. एका दुपारी तिने मला बोलावून घेतले आणि आजोबांच्या फेरीचे पान वाचायला सांगितले. ते पान म्हणजे निव्वळ गावांची यादी आहे: अमुक गावी गेला, वस्ती शांत, तमुक गावी गेला, ओढ्याला पाणी, पलीकडे जाता आले नाही, पुढच्या गावी गेला, वस्ती शांत. इतके नीरस वाङ्मय मी आयुष्यात वाचलेले नाही, आणि मी गंजरोधक रंगांची माहितीपत्रके वाचलेली आहेत.

ती डोळे मिटून, गालाला हात लावून ऐकत होती. ओढ्याशी आलो तेव्हा तिने मला थांबवले.

“मग? गेले का पलीकडे?”

मी पुढची ओळ पाहिली. “दुसऱ्या दिवशी गेले.”

“हं,” आत्या म्हणाली. “वाच.”